धूर काढायला शिकलेला सामता

मी एक जुना सामता आहे. मित्रांनो, हे नाव वाचून तुमच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील तर त्यात तुमचा काही दोष नाही. हल्ली सामता म्हणजे काय, हे सुताराच्या घरातल्या मुलांनाही सांगावे लागते. तुमच्याकडे पडदे लावायला माणूस येतो आणि त्याच्या हातातले यंत्र घर्रर्र करून सगळ्या इमारतीची दुपारची झोप मोडते, ते यंत्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून भोके पाडण्याचे काम आमच्या घराण्याकडे होते. आणि आम्ही कोणाची झोप मोडत नव्हतो.

माझे रूप साधे आहे. धनुष्यासारखी एक बांबूची कमान, तिला बांधलेली सुताची जाड दोरी, त्या दोरीचा एक वेढा पोटाभोवती घेऊन उभा राहणारा लाकडी दांडा, दांड्याच्या खालच्या टोकाला पोलादी दात आणि डोक्यावर नारळाच्या करवंटीची टोपी. सुतार डाव्या हाताने टोपी दाबून धरतो आणि उजव्या हाताने कमान पुढे-मागे ओढतो. मग दांडा गरगर फिरतो आणि दात लाकडात उतरतो. या सगळ्याला आवाज म्हणाल तर थोडीशी कुरकुर, तेवढीच. करवंटीचे म्हणणे असे की मी स्वभावानेही कुरकुऱ्याच आहे. ती कायम डोक्यावर बसलेली असते, त्यामुळे मी तिचे फारसे मनावर घेत नाही.

नालासोपाऱ्याहून कळंबच्या समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून केळी-नारळांच्या वाड्या आहेत, त्यात आमची आळी. तिथल्या भालचंद्र राऊतांनी मला घडवले. तेव्हा त्यांना नुकते मिसरूड फुटत होते. वाडीच्या कुंपणातला बांबू तोडून, विस्तवावर शेकून ते कमान वाकवायला बसले. माझ्या आधीच्या दोन-तीन कमानी काडकन मोडल्या. मी मोडलो नाही, एवढ्याच गुणावर माझी निवड झाली. भालचंद्रांचे वडील प्रल्हादबाबा मोठे कडक सुतार. त्यांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि काही न बोलता परत दिले. त्या घरात याला शाबासकी म्हणत.

प्रल्हादबाबांनी मुलाला जे शिकवले ते मी जवळून ऐकले आहे, कारण शिकवणी माझ्यावरच चालली होती. पहिली गोष्ट, सामता तापू द्यायचा नाही. दात तापला की पोलादाचे पाणी उतरते आणि मग तो लोण्यातही उतरत नाही. म्हणून वरच्या टोकाला तेल, खालच्या टोकाला तेल, रोज, न चुकता. दुसरी गोष्ट, भोकात भुसा साचू द्यायचा नाही. चार वेळा कमान ओढली की थांबायचे, वाकायचे आणि फुंकर मारून भुसा उडवायचा. आणि धूर? धुराचे तर नावच काढायचे नाही. एकदा भालचंद्र गप्पांच्या नादात ओढत राहिले, लाकडातून धुराची बारीकशी रेघ वर आली आणि प्रल्हादबाबांचा हात त्यांच्या पाठीवर वाजला. धूर काढणारा सामता आणि दूध नासवणारी सून सारखीच, असे काहीतरी ते म्हणाले. ते ऐकून वसुंधराकाकू, म्हणजे भालचंद्रांची नवी नवरी, आतल्या खोलीत फणकारल्या होत्या, हेही मला आठवते.

फुंकरीचे मात्र भालचंद्रांनी कौतुक करून घेतले. ओठांचा चंबू करून ते अशी बारीक, लांब, नेमकी फुंकर मारत की भोकातला कणन्‌कण बाहेर यायचा आणि शेजारी बसलेल्याच्या डोळ्यात एक कणही जायचा नाही. आळीतल्या बायका डोळ्यात कचरा गेला की मुलांना त्यांच्याकडे पाठवत. त्या फुंकरीचा आणि माझा जन्माचा जोड होता.

मित्रांनो, ते दिवस म्हणजे काय सांगू. कळंबच्या होड्यांच्या फळ्यांना मी भोके पाडली. माणिकपूरच्या एका शाळेसाठी बाक बनवले तेव्हा सगळी उन्हाळ्याची सुट्टी माझा दांडा फिरत होता. पाळणे, दरवाजे, बैलगाडीची चाके, तुळशीच्या लग्नाचे चौरंग, सगळ्यांच्या अंगात कुठेतरी माझ्या दाताची खूण आहे. खंडेनवमीला मला झेंडूची माळ मिळे. करवत आणि रंधा यांच्यापेक्षा माझी माळ थोडी मोठी असे, असे निदान मला वाटे.

मग विजेचे ड्रिल आले. भालचंद्रांचा पुतण्या विघ्नेश हुशार आणि हाताने चलाख. त्याने तुळिंजला फर्निचरचा कारखाना काढला. तिथे प्लायवूडच्या थप्प्या, स्क्रूचे डबे आणि भिंतीला लावलेली ड्रिलांची रांग. काकांचे वय झाले होते, त्यांना कोणी कामावर बोलावत नव्हते, मग मला कोण बोलावणार? मी ओटीवरच्या खिळ्याला टांगला गेलो. वसुंधराकाकूंनी माझ्या कमानीला लसणाच्या जुड्या अडकवल्या. कधी उंचावरचे पेरू पाडायला मला नेले. पेरूंचे काम मला आवडायचे, खोटे कशाला बोलू, पण लसणाचा वास दोरीत जो मुरला तो अजून पुरता गेलेला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे सांगायला बसलो ती सांगतो. आमच्या आळीत होळी पेटवण्याचा मान सुताराच्या घरचा आहे. वर्षभर सुतार झाडाच्या जिवावर पोट भरतो, म्हणून वर्षातून एकदा त्याने झाडाला हात जोडायचे आणि होळीला पहिला विस्तव द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. प्रल्हादबाबांनंतर हा मान भालचंद्रांकडे आला. धोतर नेसून, डोक्याला टोपी घालून ते आळीच्या मैदानात जात आणि एका काडीत होळी पेटवत.

पण गेली काही वर्षे त्यांचे हात थरथरू लागले आहेत. चहाचा कप बशीवर वाजतो. सदऱ्याची बटणे काकू लावून देतात. मागच्या होळीला ते काडी ओढायला गेले आणि काडी पेटली तर हात थरथरून विझली. दुसरी विझली. तिसरी पेटीवर घासायलाच जमेना. समुद्राकडून वारा सुटला होता, मुले कंटाळली होती, मागे कोणीतरी हसले. तेव्हा विघ्नेश पुढे झाला आणि म्हणाला, “काका, द्या इकडे, उशीर होतोय.” त्याने खिशातला लायटर काढून होळी पेटवून टाकली. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण काका नैवेद्याला न थांबता घरी आले आणि ओटीवर माझ्या खाली बसून राहिले. काकू आल्यावर ते एवढेच म्हणाले की पुढच्या वर्षीपासून मी होळीला जायचा नाही, मान विघ्नेशला देऊन टाका.

ते बोलून गेले, पण मनातून ती गोष्ट गेली नाही. वर्षभर ते हसले थोडे आणि गप्प राहिले फार. मी खिळ्यावरून सगळे पाहत होतो. मला हात असते तर मी त्यांच्या पाठीवर ठेवला असता.

फाल्गुन जवळ येत होता. एके दिवशी आळीच्या तोंडाशी झालेल्या नव्या इमारतीतली रिद्धी केळीची पाने न्यायला आली. तिच्या आईबाबांकडे सत्यनारायण होता. तेरा वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेले आणि बोलण्याला पूर्णविराम नाही. पाने मोजून घेता घेता तिची नजर माझ्यावर पडली आणि तोंड एकदम बंद झाले. मग ते दुप्पट वेगाने सुरू झाले. तिच्या शाळेत स्काउट-गाईडचा वर्ग होता. काडेपेटीशिवाय विस्तव कसा करतात याचा व्हिडिओ तिने मोबाइलवर पाहिला होता, मी करून दाखवते असे बाईंना सांगूनही बसली होती, आणि पडद्याच्या दांडीला बुटाची नाडी बांधून महिनाभर घासत होती. विस्तव तर नाहीच, तळहाताला फोड मात्र आले होते. व्हिडिओतल्या माणसाच्या हातात जे होते ते हुबेहूब माझ्यासारखे होते.

भालचंद्रांनी मान हलवली. हा विस्तव करायचा नाही, भोके पाडायचा सामता आहे, असे त्यांनी तिला समजावले. ती जाईना. शेवटी काकूंनीच लसणाच्या जुड्या काढल्या आणि मला खाली उतरवले. किती वर्षांनी माझ्या दोरीला माणसाचा हात लागला होता.

विस्तवासाठी माझा पोलादी दात कामाचा नव्हता. नुसत्या लाकडाचा दांडा लाकडाच्या फळीवर फिरवायचा होता. भालचंद्रांनी आपल्याकडचे सगळ्यात चांगले लाकूड काढले, जुने कसदार सागवान. चांगले काम म्हणजे चांगले लाकूड, एवढे त्यांना ठाऊक. दांडा तासून असा गोल केला की पाहत राहावे. वरच्या टोकाला तेल लावले, खालच्या टोकाला तेल लावले आणि आम्ही सुरू झालो. मित्रांनो, मी इतका सुरेख फिरलो म्हणून सांगू. आवाज नाही, धक्का नाही, ऊब नाही. रिद्धी घामाघूम झाली तरी फळी थंडगार. भालचंद्रांना मनापासून समाधान वाटले. रिद्धी रडायच्या बेतात आली.

“आजोबा, हे गरम व्हायला पाहिजे,” ती म्हणाली. “तुम्ही ते थंड ठेवताय.”

भालचंद्रांनी तेलाची वाटी खाली ठेवली. साऱ्या आयुष्यात कोणी त्यांना सामता तापव म्हणून सांगितले नव्हते. खरे सांगतो, मलाही ते अपमानाचेच वाटले. ज्या घरात धूर काढला म्हणून पाठीत धपाटे बसत, त्या घरात आता धुरासाठी घाम गाळायचा? पण रिद्धी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही आली. तिच्या हट्टापुढे आधी काकू हरल्या, मग भालचंद्र, मग मी.

सागवान बाजूला ठेवले. पानवेलीला आधार म्हणून लावलेला पांगारा वाळून पडला होता, हलका आणि मऊ. सुताराने ज्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये असे लाकूड. त्याचीच फळी झाली आणि त्याचाच दांडा झाला. तेल फक्त वर, करवंटीच्या टोपीत लावायचे. खाली अजिबात नाही. हे लक्षात ठेवायला भालचंद्रांना फार जड गेले. त्यांचे बोट आपोआप तेलाच्या वाटीकडून खालच्या टोकाकडे जायचे आणि रिद्धी ते हवेतच पकडायची.

मग फळीच्या भोकाला कडेने एक चीर पाडायची होती, म्हणजे घासून निघालेली पूड त्या चिरीत जमते. यावरून चांगलीच बाचाबाची झाली. नीट पाडलेले भोक पुन्हा कापून बिघडवायचे, हे भालचंद्रांच्या हाताला पटेना. शेवटी त्यांनी पटाशी घेऊन ती चीर पाडली, पण इतकी रेखीव की देव्हाऱ्यात ठेवावी. पटाशी धरताना त्यांचा हात थरथरत नाही, हे काकूंनी पाहिले. हाताखाली दाबायला काही घट्ट असले की त्यांचा हात शांत होतो. काकूंनी ते बोलून दाखवले नाही. पण तेव्हापासून कामाची वाटणी ठरून गेली. कमान रिद्धी ओढणार आणि भालचंद्र समोर पाटावर बसून करवंटी दोन्ही तळव्यांनी दाबून धरणार.

आता धूर येऊ लागला. पहिल्यांदा आला तेव्हा मला कसेसेच झाले. प्रल्हादबाबा कुठूनतरी येतील असे वाटून मी दोरी आखडून घेतली. पण रिद्धी टाळ्या पिटत होती. अडचण एकच होती. धूर यायचा, वाढायचा आणि नेमका तेव्हा भालचंद्र वाकून भोकात फुंकर मारायचे. बारीक, लांब, नेमकी फुंकर. काळी पूड भुर्रकन उडायची आणि भोक स्वच्छ. रिद्धी कपाळाला हात लावायची.

“बाय, भोकात भुसा ठेवला ना, तर माझा बाप वरून खाली येल,” ते ओशाळून म्हणायचे. मुद्दाम करीत नव्हते ते. कमान चार वेळा ओढली गेली की त्यांचे ओठ आपोआप पुढे यायचे. सवय ही ओठांना लागली होती, डोक्याला त्याची खबरही नसायची.

असे कितीतरी दिवस गेले. होळी तोंडावर आली. मैदानात पोफळीचे झाड आणून ठेवले गेले, घरोघरच्या वाळक्या झावळ्या जमू लागल्या. विघ्नेश येऊन काकांच्या पायाशी बसला आणि या वर्षी कसे करायचे म्हणून विचारू लागला. भालचंद्रांनी तोंड फिरवले. मला मान नको, असेच ते पुन्हा म्हणाले. आत जाताना मात्र त्यांनी मागे वळून माझ्याकडे एकदा पाहिले. तेव्हा मला कळले की त्यांना मान हवा आहे आणि नुसता हवा नाही, तर फार हवा आहे. फक्त पुन्हा सगळ्यांसमोर हात थरथरलेला त्यांना नको आहे.

त्यानंतरचा रविवार. जेवण झाल्यावर काकूंनी त्यांना वाडीतल्याच पानाचा विडा करून दिला. डॉक्टरांनी विडा बंद केला होता, पण रविवारी काकू डॉक्टरांचे ऐकत नसत. भालचंद्रांच्या गालात विडा, तळव्यांखाली करवंटी, समोर रिद्धी कमान ओढते आहे. धूर आला. भालचंद्रांचे ओठ पुढे आले आणि तिथेच अडकले. तोंड भरलेले होते. फुंकर मारली असती तर फळी, रिद्धी आणि तिचा पांढरा शर्ट, सगळेच लाल झाले असते. “हं, हं,” करत ते उठले आणि विडा थुंकायला केळीच्या बुंध्याकडे धावले. त्यांचा दाब गेला म्हणून रिद्धीलाही थांबावे लागले.

ते परत आले तेव्हा रिद्धी पुतळ्यासारखी बसली होती. कमान बंद होती. दांडा तिने बाजूला काढला होता. आणि तरीही चिरीत जमलेल्या त्या काळ्या पुडीतून धूर येतच होता, आपला आपण.

भालचंद्र खाली बसले. त्यांनी पुडीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा पुडीकडे. “म्हनजे विस्तव भुशात हाय,” ते हळूच म्हणाले. “आनि मी रोज उडवून टाकतोय.” मग ते हसू लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. काकू धावत बाहेर आल्या. त्यांना वाटले, विडा लागला.

त्याच संध्याकाळी ते स्वतः विघ्नेशकडे गेले. होळी मीच पेटवीन, असे त्यांनी सांगितले. काडेपेटीने नाही, सामत्याने.

बातमी आळीभर झाली. खरे सांगायचे तर मला धडकी भरली होती. त्या रविवारनंतर ओटीवर आमच्या हातून विस्तव दोनदा झाला होता आणि कितीतरी वेळा नव्हता झाला. मैदानात सगळे गाव बघणार, आणि तिथे झाला नाही तर भालचंद्र पुन्हा घराबाहेर पडायचे नाहीत, हे काकूंनाही माहीत होते आणि मलाही. काकूंनी पांगाऱ्याची फळी आणि दांडा चार दिवस चुलीच्या वरच्या फळीवर ठेवून खडखडीत वाळवले. नारळाच्या सोडणातला काथ्या मऊ पिंजून चिमणीच्या घरट्यासारखा गोळा केला. तो त्यांनी पदराखाली धरून मैदानात आणला, बाळंतिणीचे बाळ आणावे तसा.

सूर्य समुद्राकडे कलला होता. पोफळीभोवती झावळ्या आणि लाकडे रचून झाली होती, वर फुलांच्या माळा आणि साखरेच्या गाठी. बायका नैवेद्याची ताटे घेऊन उभ्या होत्या. इमारतीतली माणसे मोबाइल वर धरून पाहत होती. भालचंद्र धोतर नेसून, टोपी घालून पाटावर बसले. रिद्धीने फळीवर पाय दिला आणि माझी दोरी दांड्याला वेढली.

आम्ही फिरू लागलो. वारा ओला होता, लाकूड लवकर तापेना. रिद्धीचा हात भरून येऊ लागला. धूर आला आणि वाऱ्याने गेला. कोणीतरी मागे कुजबुजले. विघ्नेशचा हात खिशात गेला, हे मी पाहिले. काकूंनीही पाहिले.

“विघ्नेश, ते खिशातच राहू दे,” काकू म्हणाल्या.

विघ्नेशने हात बाहेर काढला. रिकामा.  मग तो वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला, हात पसरून. “वारा अडवा रे,” तो पोरांना म्हणाला, “इकडे या, चिकटून उभे राहा.” आळीतली पोरे एकमेकांना खेटून उभी राहिली आणि माझ्याभोवती माणसांची भिंत झाली. मागच्या वर्षी हसणारे जे कोणी होते तेही तिच्यात उभे असणार.

आता ऊब टिकू लागली. मी फिरलो, मित्रांनो, जन्मात फिरलो नव्हतो तसा फिरलो. तापलो. कण्हलो. माझ्या बांबूचा सांधा न्‌ सांधा कुरकुरला आणि करवंटी पहिल्यांदाच मला शाबास म्हणाली. धूर दाट झाला, पिवळट झाला. चिरीत काळी पूड जमत गेली. भालचंद्रांचे ओठ पुढे आले. मी पाहत होतो. त्यांनी ते दातांनी दाबून धरले.

रिद्धी थांबली. धूर थांबला नाही. तिने फळी हलकेच उचलून धुमसणाऱ्या पुडीचा तो एवढासा ठिपका काथ्याच्या घरट्यात टाकला आणि घरटे तोंडासमोर धरून फुंकू लागली. पण तिला धाप लागली होती. फुंकर कधी जोरात, कधी तुटक. धूर पातळ झाला. आणखी पातळ झाला. तिने घाबरून इकडे तिकडे पाहिले आणि घरटे भालचंद्रांपुढे केले.

“आजोबा, आता फुंका,” ती म्हणाली.

त्यांनी घरटे ओंजळीत घेतले. हात थरथरू लागले, सगळ्यांना दिसले. रिद्धीने आपले हात त्यांच्या हातांखाली धरले. घेतले काही नाही, नुसते खालून धरले. भालचंद्रांनी ओठांचा चंबू केला. प्रल्हादबाबांच्या हाताखाली शिकलेली, साऱ्या जन्मात लाखो भोकांतला भुसा उडवणारी ती फुंकर, बारीक, लांब, नेमकी, काथ्याच्या पोटात शिरली. एक कण उडाला नाही. आत लाल झाले. मग नारिंगी. मग भप्पकन ज्वाळा वर आली आणि भालचंद्रांच्या मिशीची दोन टोके जळाली.

मिशीकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. त्यांनी ते पेटते घरटे झावळ्यांखाली सारले, हात जोडले, आणि सगळ्या आळीने अशी बोंब ठोकली की कळंबच्या किनाऱ्यावर ऐकू गेली असेल. विघ्नेश काकांच्या पाया पडला. काकांनी त्याच्या पाठीवर एक धपाटा दिला, प्रल्हादबाबांसारखाच, आणि नैवेद्य संपेपर्यंत त्याचा हात सोडला नाही. मी पाटाशेजारी मातीत पडलो होतो, दोरी झिजलेली, दांड्याचे टोक कोळशासारखे काळे. इतका मळलेला मी कधीच नव्हतो आणि इतका खूशही.

विघ्नेशने नंतर मला कारखान्यात काचेच्या कपाटात ठेवायची गोष्ट काढली. रिद्धीने ती हाणून पाडली. तिच्या गाईडच्या सगळ्या मुली आता शनिवारी ओटीवर येतात, माझी दोरी ओढतात, तोडतात, नवी बांधतात. तळहाताला फोड आणून घेतात आणि काकूंकडून खोबरेल लावून घेतात. भालचंद्र पाटावर बसून त्यांना फुंकर शिकवतात. ती अजून एकीलाही नीट जमलेली नाही. मुली गेल्या की ते मला पुसतात, वाटीत बोट बुडवून टोपीला तेल लावतात आणि मग बोट खाली नेतात. तिथे ते बोट मध्येच थांबते. उरलेले तेल ते आपल्या टकलाला पुसतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे कोणीतरी खिळ्याला टांगलेले असेल, नाहीतर ओटीवर बसलेले असेल. त्याच्या अंगावर बसला आहे तो नुसता भुसा आहे असे समजून झटकून टाकू नका. त्याला खाली उतरवा, जवळ बसा, काम द्या, थोडे तापू द्या. आणि त्याचे हात थरथरले तर त्याच्या हातातले काढून घेऊ नका. खालून नुसते धरा.